धुराड्यातली तुळई

प्रिय रेनाल,

तुझ्या ॲरिझोनात लाकडाच्या शेगडीला कोण विचारतं! इथे उत्तरेला मेनमध्ये ऑक्टोबरातच नदीकाठी बर्फाची साय धरते. यंदा तपासणीवाला धुराड्यात दिवा सोडून म्हणाला, आतल्या मातीच्या नळ्या तडकल्यात, स्टीलचा लायनर, म्हणजे आतून अखंड नवा पाइप, घातल्याशिवाय काडीसुद्धा पेटवायची नाही. गवंडी वसंतापर्यंत मोकळा नाही. म्हटलं, मीच घालते. शेजारचा क्लोविस मदतीला आला, तोंड सोडून. "सत्तावन्न वर्षांची बाई छपरावर! पडलीस तर मला कुट्टूच्या पिठाची प्लॉय-धिरडी कोण खाऊ घालणार गं?" मी म्हटलं, "तू दोर धर, पोटाचं नंतर बघू."

अर्ध्यात लायनर अडकला. अस्तर गुंडाळलेला जाड पाइप त्या जुन्या नळ्यांतून उतरेना. मग नळ्याच फोडायच्या ठरल्या. साखळीला लोखंडी गोळा बांधून मी वरून आत सोडला आणि दणादण आपटत राहिले. रेनाल, खरं सांगते, मला आवडलं. प्रत्येक घावाला पपांचा चेहरा समोर येत होता.

आईच्या अंत्यविधीचा दिवस आठवतो ना? मला तर रोज आठवतो. स्प्रूसचं ओलं लाकूड तू शेगडीत कोंबलंस, त्याची चिकट काजळी साचून धुराडं पेटलं आणि आई वरच्या खोलीत जळाली, असं पपा ओरडत होते. सगळ्या पाहुण्यांसमोर अंगणात त्यांनी तुला कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. तू सतरा वर्षांचा, तोंडातून रक्त येतंय आणि म्हणतोयस, "हो पपा, मीच मारलं तिला." काका, मामा, फादर, सगळे गप्प. मी हातात बशा घेऊन दारात उभी होते. त्यातली एकसुद्धा खाली ठेवली नाही.

त्याच आठवड्यात तू घर सोडून गेलास. अडतीस वर्षांत तू घरात शेगडी ठेवली नाहीस, लग्न केलं नाहीस. एकदा फोनवर म्हणाला होतास, माझ्यासारख्यानं कुणाच्या घरात राहू नये. तेव्हाही मी हवामानाचं काहीतरी बोलले.

आईच्या खोलीच्या उंचीवर नळ्या फुटल्या आणि त्यांच्यामागच्या विटाही ढासळल्या. आतून एक तुळईचा तुकडा कोळशासारखा काळा होऊन खाली आला. क्लोविसनं तो हातात फिरवून पाहिला आणि त्याची थट्टा बंद झाली. धुराडं पपांनी स्वतः बांधलेलं. वरच्या खोलीच्या जमिनीची तुळई विटांपासून चार बोटं लांब ठेवायची, हे इथल्या पोरासोरांनाही कळतं. पपांनी ती थेट धुराड्याच्या भिंतीत टेकवली होती. मेपलचं कोरडं लाकूड जाळलं असतं तरी ती कधीतरी पेटलीच असती. आणि त्या तुकड्याचं दुसरं टोक करवतीनं सरळ कापलेलं होतं, पुढे नव्या विटा लावून बुजवलेलं. म्हणजे आग विझल्यावर त्यांनी ते पाहिलं होतं. आईला पुरायच्या आधी की नंतर, एवढंच मला माहीत नाही.

पपा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. मी तुकडा टेबलावर ठेवला. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही त्यांनी तो क्षणात ओळखला. म्हणाले, "आता काय त्याचं? गावानं मला खुनी म्हटलं असतं. पोरगं तरुण होतं, त्याला सोसलं असतं."

सैल विटा काढायला घेतलेली हातोडी माझ्या हातात होतीच. पहिल्या घावानं बटाट्यांची थाळी फुटली. दुसरा त्यांच्या उजव्या हातावर बसला. तिसराही बसला असता, पण क्लोविसनं मला मागून आवळून धरलं. मी त्याच्या दंडाला चावले. पपा आता इस्पितळात आहेत आणि शिडीवरून पडलो म्हणून सांगताहेत. शेरीफचा माणूस आला तेव्हा मी त्याला खरं सांगितलं, तुळईसकट. परवा मला न्यायाधीशापुढे उभं करणार आहेत. मला पश्चात्ताप होतोय की नाही, हे अजून कळत नाही. तू ये, असं मी म्हणत नाही. पण ही बातमी तुला चुलतभावंडांच्या तोंडून अर्धवट कळायच्या आत माझ्याकडून एक वाक्य पोचायला हवं. आईला तू मारलं नाहीस, रेनाल. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, तुळई सापडायच्या आधी, त्या अंगणात, त्यांचा दांडा वर असताना.

तुझी बहीण,
ओदेत