होम, प्रो आणि तुमची बहीण

ती. दादा,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण कंबर धरली आहे, म्हणून उभ्या उभ्याच करतो. गोड मानून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? मी पाठवलेला चष्मा तुमच्या नाकावरून घसरतो असं कानावर आलं. चष्मा माझ्या दुकानातला असला तरी नाक तुमच्या घराण्यातलं आहे, तेव्हा दोष निम्मा निम्मा वाटून घेऊ. इकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे आता आहे. गेल्या आठवड्यात नव्हतं, आणि ते दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.

तुमच्या धाकट्या बहिणीनं शाळेतून निवृत्त झाल्यावर विद्यापीठात संख्याशास्त्राला नाव घातलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तर सगळी मुलं उठून उभी राहिली. हिनंही सवयीनं ‘बसा’ म्हटलं आणि मग गुपचूप जाऊन शेवटच्या बाकावर बसली.) अभ्यासाला लॅपटॉप हवा होता. आपणच परस्पर आणून तिला चकित करावं, असं माझ्या डोक्यात आलं. बुद्धी फिरते ती अशी.

दुकानात काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, “काका, सिस्टीम कुठली टाकू? होम की प्रो?”

मी म्हटलं, “अगं, विद्यापीठात न्यायचाय. होम कशाला?”

तिनं हसू दाबलं. (दाबलेलं हसू मला लगेच ओळखू येतं, गिऱ्हाईक भलतीच फ्रेम घालून आरशात बघतं तेव्हा मीही तेच करतो.) मग तिनं समजावलं, की लॅपटॉप जिच्यावर चालतो ती सिस्टीम एकच, पण तिच्या आवृत्त्या निरनिराळ्या. होम साध्या कामाला, प्रो कचेऱ्यांना, तिच्यात कड्याकुलपं जास्त. विद्यार्थ्याला होम पुरतं. आता दादा, जन्मभर मी ‘साधी काच पुरते, पण वरची घेतलीत तर डोळ्यांना बरं’ असं लोकांना सांगत आलो. त्यामुळे ‘पुरतं’ म्हटलं की माझा हात आपोआप वरच्या मालाकडे जातो. प्रो घेऊन मी ऐटीत घरी निघालो.

जिन्यात वरच्या मजल्यावरचे इंजिनियरसाहेब भेटले. (पुलांचे इंजिनियर, पण निवृत्त, म्हणजे कशातही लक्ष घालायला मोकळे.) प्रो म्हटल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. अहो, स्वाभिमानी माणूस फुकटातली सिस्टीम वापरतो, ही पुसा, ती टाकू! मला स्वाभिमानही पटला आणि फुकटही पटलं. दुपारभर त्यांनी लॅपटॉपशी झटापट केली. शेवटी पडदा उजळला खरा, पण इंटरनेट सापडेना, आवाज निघेना, आणि बाण उजवीकडे न्यावा तर डावीकडे पळे.

तेवढ्यात तुमची बहीण आली. टेबलावर लॅपटॉप, त्याच्यावर आम्हा दोघांची डोकी, साहेबांच्या हातात पेचकस. (पेचकस कशाला, हे मीही विचारलं नव्हतं.) “हा कुणाचा?” “तुझा.” तिचा चेहरा असा काही फुलला म्हणता! तो फुललेला असतानाच आम्ही भांडायला लागलो. मी म्हणे प्रो परत आणू, साहेब म्हणत तत्त्व सोडू नका. दुसऱ्या सकाळी तिला पहिला स्वाध्याय पाठवायचा होता, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. थोडा वेळ तिनं ऐकून घेतलं आणि मग अगदी हळू म्हणाली, “शाळा बाबांनी निवडली. नोकरी दादानं. नवरा दोघांनी मिळून. हे एक तरी मला निवडू द्याल?”

(दादा, शब्द तिचे आहेत. माझ्यावर रागावू नका.)

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळे न तपासताच चष्मा गळ्यात मारणारे म्हणून ज्यांना मी नावं ठेवतो, त्यांच्यातलाच मी एक निघालो. विद्यापीठ म्हणे आपल्या विद्यार्थ्यांना एज्युकेशन नावाची आवृत्ती मोफतच देतं, आणि प्रोमधलं बहुतेक सगळं तिच्यात असतं. मी कुरकुरलो, “मग आधी सांगायचंस!” तर म्हणाली, “लॅपटॉप आणताय हे तुम्ही सांगितलं होतं?”

पुढचं सगळं तिनं केलं. साहेबांच्याच संगणकावर ती आवृत्ती टाकायचा पेनड्राइव्ह तयार केला. एकदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मला काम एकच, सैल प्लग दाबून धरायचा. अखेर तिच्या अभ्यासाचा आकडेमोडीचा प्रोग्राम उघडला, तिनं पहिला आलेख काढला आणि टाळी वाजवली. इतकी खूश मी तिला लग्नातही पाहिली नव्हती. स्वाध्याय वेळेवर गेला.

वहिनींना नमस्कार सांगा.

तुमचा मेहुणा

ता. क. इंजिनियरसाहेब आता स्वतःचा संगणक तिच्याकडून दुरुस्त करून घेतात. तत्त्वाचं नाव काढत नाहीत.

ता. क. २. पत्राचं खरं कारण वेगळंच आहे. त्या लॅपटॉपवर तिनं मलाही एक खातं काढून दिलं, बुद्धिबळ खेळायला. परवा ऐन वजीर मारताना पडद्यावर सूचना आली : आजची वेळ संपली, मोठ्या माणसांची परवानगी घ्या. दादा, खातं लहान मुलाचं आहे! जन्मसाल टाकताना तिनं मला अकरा वर्षांचा केलाय. परवानगी मागावी तर ती तिच्याच फोनवर जाते. तुमचा शब्द ती खाली पडू देत नाही, तेव्हा जरा रदबदली करा. हे पत्रही त्याच खात्यातून टाइप करतोय, म्हणून आवरतं घेतो. मात्र यातलं काही तिला कळता कामा न

दादा, मी बोलतेय. यांची वेळ संपली आणि पत्र उघडंच राहिलं. वाचलं, शुद्धलेखन सुधारलं, पाठवतेय. रदबदली करू नकोस. रोज संध्याकाळी आम्ही दोघं बुद्धिबळ खेळतो आणि मी जिंकते. यांना माझ्या माघारी सराव करायचाय.