पँट पुसून ट्राउझर

बाबा, तुम्हाला माहीत होतं. सोमवारपासून हे एकच वाक्य डोक्यात फिरतंय, कागदावर उतरवल्याशिवाय सुटका नाही. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि मला धक्का बसायचा तो आत्ता बसला. अजून बसलेलाच आहे. पोळ्या लाटताना मध्येच हात थांबतो आणि मी एकटीच म्हणते, कमाल आहे या माणसाची.

आधी माझं काम काय ते सांगते, ते तुम्ही पाहिलंच नाहीत. परदेशात कपडे विकणाऱ्या एका कंपनीत मी कपड्यांची नावं लिहिते. हसू नका. कपडा एकच असतो, पण इंग्लंडसाठी त्याचं नाव एक, अमेरिकेसाठी दुसरं, ऑस्ट्रेलियासाठी आणखी तिसरं. वेस्ट म्हटलं की इंग्रजाला बनियन दिसतं आणि अमेरिकन माणसाला बिनबाह्यांचं जाकीट. जंपर म्हणजे इंग्लंडात लोकरी स्वेटर, अमेरिकेत बिनबाह्यांचा फ्रॉक, आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या तर पोलक्यालाच जंपर म्हणायच्या. ऑस्ट्रेलियात थाँग मागितली की पायातली स्लीपर देतात, बाकीकडे काय देतात ते बापाला लिहिण्यासारखं नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ही यादी माझ्या हातात आली आणि नजर एका ओळीवर अडकली. पँट. इंग्लंडात आतली चड्डी. अमेरिकेत मात्र पँट म्हणजे पँटच, तुम्ही जन्मभर शिवलीत ती. मी यादी उपडी ठेवली. शेजारच्या मुलीनं काय झालं विचारलं तर मी म्हटलं, काही नाही गं, ऊन लागलं असेल.

कारण मला तो दिवस आठवला. मी नववीत आहे. शाळा सुटली की तुमच्या दुकानात यायचं, काजं-बटणं करणाऱ्या काकीशेजारी बसून अभ्यास करायचा आणि मग तुमच्या सायकलवर घरी, हा रोजचा क्रम. तोंडातून शब्द फुटत नाही अशी पोर मी. वर्गात नाव पुकारलं तरी हजर म्हणताना घाम फुटायचा. त्या दिवशी आमचे इंग्रजीचे सर दुकानात येतात. त्यांना पँट शिवायची आहे, अशी हवी, तशी हवी, असं ते बरंच सांगतात. तुम्ही सगळ्यांना म्हणायचात तेच त्यांनाही म्हणता, "सर, नाव-वर्णन राहू द्या. घरची एखादी बसणारी पँट आणा मापाला." गिऱ्हाइकानं कितीही समजावून सांगितलं तरी मापाचा कपडा हातात आल्याशिवाय तुम्ही कात्री धरायचा नाहीत. मला वाटायचं, चौथी शिकलेल्या माणसाला बोललेलं नीट कळत नाही, म्हणून हे. मला लाज वाटायची, खरंच सांगते. आणि सरांनी त्याच आठवड्यात वर्गात शिकवलेलं माझ्या डोक्यात ताजं होतं. कुठून धीर आला कोण जाणे, मी मोठ्यानं म्हटलं, "बाबा, पँट नाही म्हणायचं. ट्राउझर म्हणायचं. पँट म्हणजे आतली चड्डी." सर खो खो हसले. म्हणाले, टेलर, पोरगी तुमच्या पुढे गेली की. तुम्ही एवढंच म्हणालात, "हो का? बरं झालं सांगितलंस." आणि आमच्याकडे पाठ करून खुंटीला टेप अडकवत राहिलात.

पुढच्या आठवड्यात कर्जतहून पेंटर आला. दुकानाच्या पाटीवरची पँट पुसून त्यानं ट्राउझर लिहिलं. बाजारात तुमची काय चेष्टा झाली! टेलर, पँट शिवायची बंद केली काय, असं येता-जाता कुणीही विचारायचं. तुम्ही म्हणायचात, नाय रं, तीच हाय, आता बरोबर नाव लावलं. मी त्या पाटीखालून राणीसारखी चालायचे. आणि त्याच वर्षी मी शाळेच्या कार्यक्रमात भाषण केलं. तिथून जी बोलत सुटले ती अजून थांबलेली नाही.

सोमवारी वारस नोंदीच्या कागदांसाठी खालापूरला तहसीलमध्ये गेले होते. साहेब जेवायला गेलेले, म्हणून एसटी स्टँडमागे काकीकडे गेले. काकी आता पार वाकली आहे, पण जीभ तीच. चहा पिताना मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, अर्ध्या जगात माझे बाबा बरोबर होते गं, आणि मी त्यांना सरांसमोर अडाणी ठरवलं. काकीनं कप खाली ठेवला. म्हणाली, "अगं, तुज्या बाबाला ठाव होतं. गोदीजवलच्या दुकानात शिकला ना तो. इंग्रज खलाशी काय बोलतो नि अमेरिकेचा काय बोलतो, सगलं त्याला पाठ." मग तिनं सांगितलं, एका इंग्रज खलाशानं वेस्ट मागितलं, तुम्ही रात्रंदिवस खपून अस्तराचं जाकीट शिवलंत, आणि बोट सुटायच्या दिवशी त्यानं ते तुमच्या तोंडावर फेकलं. तेव्हापासून मापाचा कपडा. मी म्हटलं, मग मला बोलले का नाहीत? काकी म्हणाली, "मी पन तेच बोलले, पोरीला सांग की. तर बोलला, नको. ती पयल्यांदा मोठ्या मानसासमोर तोंड उघडून बोलली हाय. आता तिचा शब्द मी पाडला तर परत बोलायची नाय."

तहसीलमध्ये परत गेलेच नाही. कागद राहिले तसेच. तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलवाला आहे, त्याच्या पायरीवर मी बसून राहिले. गिऱ्हाईक समजून त्यानं दोनदा विचारलं, ताई, रिचार्ज का? भर बाजारात चेष्टा सोसून तुम्ही बरोबर असलेली पाटी बदललीत, आणि मी तिच्याखालून राणीसारखी चालले. बाबा, असं कुणी करतं का? रागच येतो तुमचा.

हे पत्र कुठे टाकणार? तुमची कात्री ज्या कपाटात आहे तिथेच ठेवीन. पण एक गोष्ट काकीलाही सांगितली नाही, ती इथे लिहिते. सर हसले तेव्हा मीही हसले होते. तोंडावर वही धरून, पण हसले होते. तुमची आमच्याकडे पाठ होती, तुम्हाला दिसलं नसणार, एवढ्या आधारावर मी इतकी वर्षं काढली. आत्ता वर खुंटी लिहिली तेव्हा आठवलं. ती खुंटी गिऱ्हाइकांच्या आरशाच्या चौकटीवर होती.