दुसऱ्या बॉक्सवरचं ‘खाली’

३ नोव्हें., सोम.
अजयला बाबांची जीप विकायची आहे. गिऱ्हाईक भिंडचं. वरातीत नवरदेव मिरवायला हवी म्हणे, वर झालर आणि स्पीकर लावून. बाबा असते तर दोघांनाही बोनेटला बांधून फिरवलं असतं. जीप आम्हा दोघा भावंडांच्या नावावर, म्हणून नुसतं ओरडून भागत नाही. शेवटी ठरलं: १६ ला जुन्या खदानीची चढण चढली तर जीप माझी, नाही तर वरातीची. सख्खा धाकटा भाऊ, पण अक्कल वाटत होते तेव्हा कुठे उलथला होता कोण जाणे.

४, मंगळ.
अ.ला समजावलं. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असतो, तिथून ताकद चारही चाकांना जाते. त्याच्या अलीकडे मी भंगारातला तसाच दुसरा बॉक्स बसवणार. लो गिअरला पुन्हा लो. मुंगीसारखी चालेल, पण चढेल. यावर त्याचा प्रश्न, “पर ताई, दो-दो क्यूँ?” पॉलिटेक्निकातली माझी पोरंही यापेक्षा बरं विचारतात.

८, शनि.
अ. मदतीला, म्हणजे चहा प्यायला. त्याच्या मुलाची, चिंटूची, शिक्षा इंग्रजीत चालली आहे म्हणाला. म्हटलं, कसली शिक्षा, काय गुन्हा केला पोराने? कळलंच नाही त्याला. शिक्षण म्हणायचं होतं. सांगून टाकलं, माझ्या गॅरेजात धड मराठी, नाही तर जयेंद्रगंजातल्या तुझ्या ऑफिसात बस. “ठीक आहे ना यार ताई.” यार ताई!
तेल गळू नये म्हणून सील बसवणं आणि दोन्ही बॉक्सांत तेल भरणं त्याच्याकडे दिलं. एवढं तर माकडालाही जमेल.

१३, गुरु.
कॉलेजात परीक्षा. आले तोवर अ. सील बसवून पळालेला. नीट बसवलेत, मान्य. दुसऱ्या बॉक्सच्या पोटावर खडूने मोठ्ठं ‘खाली’. म्हणजे ही बाजू खाली. हसू आवरेना. सगळी जोडणी माझी, आणि हा मला वर-खाली शिकवतो. असो, मराठीत लिहिलं हेही नसे थोडके.
जॅकवर उचलून बसवला. कापून आखूड केलेला मागचा शाफ्ट लावला. सीटजवळ लो टाकायचे दोन दांडे शेजारी शेजारी. देखणं काम झालंय.

१६, रवि.
जीप ट्रकवर घालून खदानीवर नेली. अ., त्याची बायको, सोनेरी चष्म्यातलं गिऱ्हाईक. दोन्ही दांडे लोमध्ये. अशी चढली की अ. आ वासून बघत राहिला. अर्ध्यापर्यंत. मग किंचाळल्यासारखा आवाज, जळका वास, सगळं जाम.
सील, दुसरं काय. सगळ्यांसमोर त्याला गाढव म्हटलं. खाली सरपटून तेलाचा नट काढला. आत थेंब नाही.
“लिहिलं होतं ना, ताई,” तो हळू म्हणाला. “खाली आहे म्हणून. तेल एकालाच पुरलं.”
गिऱ्हाईक हसलं. ते दात मी विसरणार नाही.

१८, मंगळ.
बॉक्स उघडला. बेअरिंग निळंकाळं, गिअर वाचलेत. मराठीत खाली म्हणजे खाली. मी बरोबरच वाचलं. रिकामा लिहायला काय हात दुखत होते? फोन करून विचारणार होते. नाही केला. त्याचाही नाही.
नट उघडून एकदा बघितलं असतं तर. जाऊ दे.

२२, शनि.
कॉलेजातून आले तर गॅरेजचं कुलूप उघडं. किल्ली दोघांकडेच. बॉक्स बाकावर, नवं बेअरिंग घालून बंद केलेला. वर खडूने: ‘रीकामा आहे ताई. तेल तू भर.’
री दीर्घ. लाज आणली खानदानाला.
गिऱ्हाईकाला काय सांगितलं ते लिहिलेलं नाही. पुसायला फडकं घेतलं, मग आधी तेल भरलं. अक्षरं अजून तशीच आहेत.