माझा लायहोना आणि व्हर्नलचा रस्ता

२२ जुलै, सोमवार
रिटायर होऊन तीन महिने. आता अध्यात्म. आमच्या चर्चच्या धर्मग्रंथातल्या, मॉर्मनच्या ग्रंथातल्या एकेका पवित्र वस्तूत स्वतःपुरता अर्थ शोधायचा, ठरलं. लाबानची तलवार: माझा निर्धार. पूर्वजांनी कोरून ठेवलेले पितळी पत्रे: ही वही. आणि लायहोना, म्हणजे लेहीच्या कुटुंबाला वाळवंटात वाट दाखवणारा पितळी गोळा, तो माझ्या छातीत आहे. डावीकडे. स्पष्ट जाणवतो.
बायकोला सांगितलं. लारू म्हणाली, "ॲसिडिटी आहे ती. गोळी घे."

२४ जुलै
पायोनियर डे, आमचे पूर्वज इथे येऊन वसले त्याचा सण. तलवार उपसली: आजपासून गोड बंद. मिरवणुकीनंतर चर्चच्या जेवणात हिरवी जेली होती. तिच्यात किसलेलं गाजर असतं, म्हणजे ती भाजी. दोनदा घेतली. तलवार म्यानातही पवित्रच.

२८ जुलै, रविवार
व्हर्नलहून नातीचा फोन. ब्रेली आठ वर्षांची झाली, शनिवारी बाप्तिस्मा. म्हणाली, "आजोबा, पाण्यात मला तुम्हीच बुडवायचं. बाबांना सांगून टाकलंय मी."
फोन ठेवून बराच वेळ गॅरेजमध्ये बसलो. काम काही नव्हतं.

१ ऑगस्ट
लेक येऊन लारूला पुढे घेऊन गेली, स्वयंपाकाच्या मदतीला. लारू दारातून म्हणाली, "हेल्पर गावाला डावीकडे वळ. लिहून देऊ का?" मी म्हटलं, माझा लायहोना आहे. तर म्हणे, "थेल्डन, तो गोळा ऐकणाऱ्यांनाच वाट दाखवायचा. तू चाळीस वर्षांत माझं एक ऐकलं नाहीस."
जाऊ दे. तिचा अभ्यास कमी.

३ ऑगस्ट, शनिवार, सकाळी ६
निघतोय. बाप्तिस्मा अकराला. प्रार्थनेचा शब्द न् शब्द पाठ. फोन मुद्दाम घरीच ठेवला. लेहीकडे फोन होता का?

७.५०
हेल्पर. व्हर्नलची पाटी डावीकडे. छातीत मात्र सरळ. अगदी ठाम.
सरळच.

९.०५
ग्रीन रिव्हर गाव. रस्त्याकडेला खरबुजं विकणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "व्हर्नल? अहो काका, मग इकडे कशाला आलात? ते तर तुमच्या पाठीमागे राहिलं!" कारण सांगितलं असतं, पण तिला कळलं नसतं. बिचारीने स्वतःचा फोन पुढे केला. लारूचा नंबर मला पाठ नाही.
गाडी वळवली. छातीत आता काहीच जाणवत नाही.

४ ऑगस्ट, रविवार, व्हर्नल
काल सव्वाबाराला पोचलो. सगळं आटोपलं होतं. पोरीला तिच्या बापानेच पाण्यात उतरवलं. लारू माझ्याकडे पाठ करून बशा पुसत राहिली. म्हणजे फारच वाईट.
जावई म्हणाला, "अर्धा तास थांबलो, डॅड. आणि नंतरही काय ते! तीनदा बुडवावं लागलं." अंग पूर्ण पाण्याखाली जावं लागतं, नख जरी बाहेर राहिलं तरी साक्षीदार पुन्हा करायला लावतात. आणि हिच्या पायाचा अंगठा पहिल्या दोन्ही वेळा वर.
मी ब्रेलीची माफी मागायला गेलो. केस ओले, हातात बिस्कीट. तिने मला कोपऱ्यात ओढलं, कानाशी लागली. "मी मुद्दाम वर काढत होते, आजोबा. म्हटलं, तेवढ्यात तुम्ही पोचाल. तिसऱ्यांदा मात्र बाबांनी असे डोळे केले ना!"
माफी मागायची राहूनच गेली. आज सकाळी मागितली. "असू दे," म्हणाली आणि खेळायला पळाली.
त्या अंगठ्याचा अर्थ काय, हे लिहायला मघाशी वही उघडली. अर्थ कसला. पोरीने वाट पाहिली. मी आलो नाही.
उद्या परत जाताना गाडी लारू चालवणार आहे. मी हो म्हटलं.