उजव्या कोपऱ्यातलं भोक

ब्रह्मपुरी,
५ नोव्हेंबर २०२३

ती. ज्योत्स्नाताईस,
आदेशचा सा. न. वि. वि.

तुमच्या गावात रेंज नाही, म्हणून धानोऱ्याच्या गाडीने तुझी चित्रं येतात आणि पत्रंही. आजकाल पत्र लिहिणारे आपण दोघंच उरलो असू.

मी घरी जोडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला समोरून तांब्याचा पत्रा लावला. त्यावर तुझा मोर झकास उठला. कार्बनने गिरवला, रेघा नेलपॉलिशने झाकल्या, पत्रा द्रावणात सोडला. उघडं होतं तेवढं द्रावणाने खाल्लं, मोर राहिला. तो अ‍ॅम्प्लिफायर तुमच्याच गावच्या भजन मंडळाने नेला. तसाच दुसरा इथल्या प्रदर्शनात पहिला आला, पेपरात फोटो आलाय. आता नागपूरच्या प्रदर्शनाला बोलावलंय. भाऊजींना सांग, मेव्हणा कलाकार झाला म्हणावं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा आदेश

ता. धानोरा,
१९ नोव्हेंबर

चि. आदेशला अ. उ. आ.

मंडळाने मंदिरात ठेवलेला तुझा अ‍ॅम्प्लिफायरचा डबा पाहिला. मोर माझाच, पण ज्या उजव्या कोपऱ्यात मी दर वेळी नाव काढते, तिथंच तू स्विचचं भोक पाडलंस.

इथल्या आश्रमशाळेला चित्रकलेची बाई हवी आहे. हेडमास्तर म्हणाले काम दाखवा, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात त्यांना मंदिरात नेलं. त्यांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, की बाई, तुमचं नाव कुठी हाय? मागून सासूबाई म्हणाल्या, की मले तर नाई दिसत. तिथंच कागदावर मोर काढून दाखवला, तर म्हणाले, पेपरातला फोटो पाहून काढला असेल. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलाखत सात डिसेंबरला आहे. चित्रं माझी आहेत, एवढं दोन ओळींत लिहून सही कर आणि पाठव. दुसरं काही मागत नाही.

तब्येतीला जप.
ज्योत्स्ना

ब्रह्मपुरी,
२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पहिल्यांदा भोक चुकून पडलं. नंतर तेच बरं वाटलं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? नाव दिसलं तर गिऱ्हाईक विचारणार, ही ज्योत्स्ना कोण? प्रदर्शनाच्या अर्जात सगळं काम माझ्याच हातचं आहे असं लिहून दिलंय. आता तुला सही दिली तर नागपूर गेलंच समज. तू नि मी काय वेगळे आहोत?

नागपूरसाठी मोहाच्या फांदीवरची दोन पाखरं लवकर काढून पाठव. माझ्या हाताला रेघ जमत नाही, हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक आहे?

राग धरू नये, ही विनंती.
आदेश

ता. धानोरा,
२२ जानेवारी २०२४

चि. आदेशला आशीर्वाद.

मुलाखत झाली, दुसरीच बाई लागली. मला त्याच शाळेत स्वयंपाकाचं काम मिळालं. घरी सगळ्यांना तेवढ्यानेही आनंद आहे. पाखरं पाठवणार नाही. रागाने नाही, असं लिहिणार होते, पण रागानेच.

वर्गात फळ्याशेजारी पेपरातला तो फोटो डकवला आहे. नवी बाई मुलांना मोर पाहून काढायला लावते. मानेचं वळण तिलाच साधत नाही. काल भात वाढताना दिव्यानी नावाच्या मुलीने विचारलं, की मावशी, हा मोर कोनं काढला? मी तुझं नाव सांगितलं.

लोभाचं तुझं तू ठरव.
ज्योत्स्ना