रुळांवरच्या चौकातला कठडा

मंगळवार, संध्याकाळ

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

रुळांवर स्लॅब टाकून नवा चौक झाला, तेव्हापासून आमच्या भागातले दूधवाले संध्याकाळी म्हशी तिथेच आणतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात. म्हशी बांधायच्या कुठे? तर चौकाच्या लोखंडी कठड्याला. पलीकडे सरळ खाली रूळ! हे कुणालाच कसं खटकलं नाही? मलाही नाही. रोज जातो आम्ही.

आज हे दुधाचा ग्लास घेऊन त्याच कठड्याला टेकले होते. खालून गाडीनं भोंगा दिला. म्हैस बिथरली, तिनं दाव्याला असा हिसका मारला की कठडा बुडापासून निखळला आणि यांच्या वजनानं बाहेर कलला. दूधवाल्या आक्कानं झेप घेऊन यांचा सदरा धरला.

"काका, जीव द्यायला आलाय व्हय!"

आणि हे मला काय म्हणाले? "अगं, दूध नाही सांडलं." लोक हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात?

"घाबरू नगा काकू, म्हस लई गरीब हाय की," असं म्हणत आक्कानं तीच म्हैस कठड्याच्या शेजारच्या तुकड्याला बांधली. त्याच कठड्याला! मी ओरडायला हवं होतं. एरवी कुणाला सोडत नाही मी. आज यांना ओढत तिथून निघाले.

घरी येईपर्यंत यांचा हात मात्र सोडला नाही. भर रस्त्यात हात धरायची आमच्यात पद्धत नाही. ओळखीच्या दोघी वळून बघत होत्या. बघू देत.