लाय हिंगच्या होडीतलं निशाण

३ डिसेंबर १९०७, कँटन
तीन महिने वहीला हात लावला नाही. चूक माझीच. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही, लाज वाटत होती. सप्टेंबरात पश्चिम नदीवर चाच्यांनी इंग्रजांची आगबोट लुटली. तेव्हापासून आमच्या चिनी व्हाइसरॉयच्या कचेरीत मी इंग्रज कॉन्सलच्या खलित्यांची भाषांतरं करतोय. आजचा शेवटचा : पंधरा तारखेपर्यंत गुन्हेगाराला शिक्षा करा, नाहीतर नदीवर आमच्या तोफांच्या बोटी फिरतील.
आमच्या नदीवर!

७ डिसेंबर
एकाला धरलं. लाय हिंग. होडीतच राहणारा, उसाची ने-आण करणारा. पुरावा एकच – होडीत सापडलेलं लाल निशाण. कॉन्सलनं मला विचारलं, "हे चाच्यांचंच ना?"
"हो," म्हणालो.
खरंच होतं ते. मग मध्यरात्री उठून हे का लिहितोय?

८ डिसेंबर
कळलं. चाच्यांना हप्ता दिला की ते निशाण मिळतं. दाखवलं की होडी सोडतात. नदीवर कोणाकडे नाही ते? माझ्या मामाच्या रेशमाच्या होडीतसुद्धा आहे! लहानपणापासून बघतोय, म्हणून सांगायचं सुचलंच नाही. कॉन्सलला हे ठाऊक नसेल, एवढंही डोक्यात आलं नाही.
आमचे वरिष्ठ तांगसाहेब. त्यांना सांगितलं, तर हसले. "काय हो आउ, हाँगकाँगच्या कॉलेजात एवढं शिकलात, गप्प बसायला नाही शिकवलं कुणी? सगळ्यांकडे निशाण आहे म्हटलंत तर तो कॉन्सल म्हणेल, अख्खी नदीच चोर. मग बोटी आल्याच म्हणून समजा!"

१२ डिसेंबर
कॉन्सलकडे चहा. निशाणाचा खरा अर्थ लिहिलेला कागद माझ्या बाहीत. निघताना त्यानंच विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"
"नाही."
नदीसाठी गप्प बसलो? की नोकरीसाठी? मला ठरवता येत नाही – म्हणजे काय ते कळतंच आहे.

१४ डिसेंबर
लाय हिंगचं डोकं उडवलं. मी गेलो नाही.

१९ डिसेंबर
तरीही तोफांच्या बोटी आल्या. धक्क्यावर सगळे नुसते बघत उभे होते.

२१ डिसेंबर
कचेरीच्या पायरीवर लाय हिंगची बायको. हातात सुकी मासळी. "घ्या हो साहेब, नाही म्हणू नका. तुरुंगातला शिपाई सांगत होता, आमच्या माणसासाठी कचेरीत तुम्ही एकटेच बोललात."
मी घेतली. वर तिला म्हणालो, "सांभाळून जा."

उद्या : तिची होडी शोधून तिला खरं सांगणे.